काकांचं सिंगापूर, बाबांचा देश

माझे वडील मोठ्यानं बोलत, कारण ते कापडाच्या लूमवर कामाला होते. आणि माझे काका हळू बोलत, कारण त्यांची जमीन रस्त्याला लागून होती. हे दोघे सख्खे भाऊ आहेत हे नव्या माणसाला सांगूनही पटत नसे. बाबा भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम ठीक करणारे. दिवसभर लूमच्या खडखडाटात उभं राहून, अर्धं मराठीत नि अर्धं हिंदीत ओरडून त्यांचा आवाज असा चढला होता, की घरी त्यांनी मीठ मागितलं तर शेजारची बाई आपली बरणी घेऊन दारात येई. आई त्यांना खुणेनंच उत्तर देई. तिचं म्हणणं, या माणसाच्या आवाजावर आवाज चढवण्यापेक्षा मान हलवणं सोपं. काकाही पूर्वी असेच होते. खाडीकाठावरून म्हशींना हाक मारत, तेव्हा पलीकडच्या गावातल्या म्हशीही मान वर करत. पण त्यांची रस्त्याकडची जमीन गोदामासाठी विकली गेली, सफारी घातलेले व्यापारी त्यांच्या ओटीवर येऊन बसू लागले, आणि काकांच्या लक्षात आलं की आपण जितकं हळू बोलतो तितकी ही माणसं पुढे वाकतात. त्या वर्षापासून काका कुजबुजल्यासारखं बोलू लागले. गाव त्यांना आधी काश्या म्हणत असे, ते काशिनाथशेठ म्हणू लागलं.

या जमिनीची गोष्ट सांगायला हवी. आजोबांनी वाटणी केली तेव्हा धाकट्याला, म्हणजे बाबांना, आधी निवडू दिलं. बाबांनी खाडीकडचं शेत मागितलं. काळी, ओलसर, भाताची जमीन. काकांच्या वाट्याला रस्त्याकडचा मुरमाड, दगडांचा तुकडा आला, जिथे बकऱ्यासुद्धा थांबत नसत. आपण मोठ्या भावाला फसवलं असं बाबांना इतकं वाटत राहिलं, की दर दिवाळीला ते नव्या तांदळाची एक गोण डोक्यावरून काकांच्या दारात नेऊन ठेवत. पुढे जकात वाचवायला मुंबईचे व्यापारी आपला माल शहराबाहेर ठेवू लागले, कशेळीपासून भिवंडीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं उठली, आणि गोदामाच्या पायाला दगडाची जमीन फार चांगली असते हे सगळ्यांना कळलं. काळ्या ओल्या जमिनीला कुणी विचारलं नाही. बाबांना लोक मुद्दाम विचारत, काय नामदेव, पस्तावा होतो की न्हाय? बाबा म्हणत, मी भाताची जमीन निवडली, तिच्यात भात होतो, मग माझं चुकलं काय? या प्रश्नाला गावात कुणाकडे उत्तर नव्हतं; हसू मात्र सगळ्यांकडे होतं. दिवाळीची गोण बाबांनी तरीही चालू ठेवली. काकी ती कामवालीला देऊन टाकते हे आईला ठाऊक होतं, बाबांना तिनं कधी सांगितलं नाही.

काकांचा बंगला आमच्या घरापासून चाळीस पावलांवर उभा राहिला. मी ती पावलं मोजली होती, कारण दहावीच्या वर्षी मी त्या दोन घरांमध्ये हेलपाटे घालत असे. काकांचे दोन्ही मुलगे लांबच्या बोर्डिंगात शिकत होते, त्यांची खोली रिकामी होती, आणि बंगल्यात दिवे गेले की जनरेटर सुरू होई. काकांनीच बाबांना सांगितलं, शैलाला अभ्यासाला आमच्याकडे राहू दे, तुझ्या आवाजात पोरीला भूगोल कसा कळणार? बाबांना ते लागलं असावं, पण त्यांनी माझी वळकटी स्वतः उचलून नेली. बंगल्यात खाली गुळगुळीत फरशी होती, सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण होतं, ते काढायचं नसे, त्यामुळे उन्हाळ्यात उठताना माणूस सोफ्यापासून सोलून निघाल्यासारखा आवाज येई. जेवायला काचेचं टेबल होतं. काकीला त्या टेबलावर मासळीचा वास आवडत नसे, म्हणून तिथं बटाट्याची भाजी नि चपात्या असत. आमच्या घरी त्याच वेळी आई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापत असे नि निवट्यांचं कालवण रटरटत असे. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे, दिसायला अगदीच कुरूप नि चवीला राजे. तो वास चाळीस पावलं चालून बंगल्याच्या खिडकीत येई. काका काचेच्या टेबलावर बसून बटाटा चावता चावता नाक वर करत, आणि काही वेळानं, “जरा नाम्याकडं जाऊन येतो,” म्हणून उठत. ते नाम्याशी वाद घालायला जात आणि परतताना त्यांच्या हाताला कालवणाचा वास येत असे. काकीनं तो कधी ओळखला नाही, किंवा ओळखून गप्प राहिली.

त्या वर्षी काका सिंगापूरला गेले. गोदामाच्या व्यापाऱ्यांची आठ दिवसांची सहल होती, त्यांनी काकांनाही सोबत नेलं. आमच्या गावातून विमानात बसलेला पहिला माणूस म्हणून त्यांना नाक्यापर्यंत सोडायला दोन टेम्पो भरून माणसं गेली. नवव्या दिवशी ते परत आले तेव्हा आम्ही ओळखीचे काका परत मिळतील अशा समजुतीत होतो. पण जीपमधून उतरून त्यांनी पहिल्यांदा गटाराकडे पाहिलं, मग विजेच्या वाकलेल्या खांबाकडे, मग आमच्या सगळ्यांकडे, आणि हळूच म्हणाले, “या देशाचं काय खरं न्हाय.” आल्याबरोबर पाया पडायला वाकलेली माझी आई तशीच वाकलेली राहिली.

तिथून पुढे रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर देशाचा निकाल लागू लागला. काका खुर्चीत बसत. ती खुर्ची ते येण्याआधी मी पुसून ठेवत असे. बाबा ड्युटीवरून आलेले, कानात अजून कापसाचे तंतू असलेले, जमिनीवर मांडी घालून. काका सांगत, तिथं रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. बाबा म्हणत, मग तिथली पोरं शाळेत जात न्हाईत वाटतं. काका म्हणत, तिथं खड्डा म्हणून नाही. बाबा म्हणत, खड्डा कशानं पडतो? गाड्यांनी. आपल्याकडं गाड्या चालतात, माल हलतो, धंदा होतो, म्हणून खड्डा पडतो. या हिशेबानं भिवंडी हे देशातलं सर्वांत भरभराटीचं शहर ठरत होतं. काका म्हणत, तिथं वीज जात नाही. बाबांनी यावर दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, की वीज गेली तरच लूम बंद पडतात, लूम बंद पडले तरच मुकादम, कारीगर, मालक सगळे एका ठिकाणी चहा पितात, आणि माणसं एका ठिकाणी चहा पितात तोच देश. काकांनी खुर्ची जरा मागे सरकवली. मग म्हणाले, नाम्या, तुला वकील करायला पायजे होता.

आज मागे वळून पाहताना मला दोघांचीही थोडी लाज नि खूप माया वाटते. काकांचं म्हणणं पुष्कळसं खरं होतं. त्या गटारात मी स्वतः दोनदा पडले आहे. आणि बाबांचं समाधान निर्मळ होतं असं मला लहानपणी वाटे, तसंही ते नव्हतं. मोठा भाऊ पुढे गेला, मग निदान देश तरी आपल्या बाजूला असावा, असा त्यात एक हट्ट होता. हल्ली आमच्या घराण्याचा मोबाईलवर एक गट आहे. त्यावर दोन्ही घरांची मुलं, सुना, नातवंडं देशावरून भांडतात. कुठून तरी आलेलं पाठवतात नि दुसऱ्याचं न वाचता पुसून टाकतात. मी त्यात फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देते. काकांना निदान भांडायला चाळीस पावलं चालून यावं लागे, आणि समोर ताट आलं की थांबावं लागे.

एका संध्याकाळी ओट्यावरचं सगळं बिघडलं. कारखान्यात त्या दिवशी बाबांच्या बोटाला लागलं होतं, चिंधी गुंडाळलेली होती. काकांनी विचारलं, मालकानं डॉक्टरला दाखवलं का? बाबा म्हणाले, एवढ्याशानं काय होतंय, हळद लावली. काका म्हणाले, तिथं असं चालत नाही, तिथं कामगाराला काही झालं तर लगेच गाडी येते. बाबा म्हणाले, माझा हात हाय, माझी हळद हाय, सिंगापूरवाल्याला काय करायचं? मग काका अगदी हळू बोलले. लूमवर कान गेलेल्या माणसाला ऐकू येऊ नये इतक्या हळू. पण बाबांनी ऐकलं, मी ऐकलं आणि आत चुलीपाशी आईनंही ऐकलं.

“नाम्या, तू खूश हायस, कारन तुला दुसरं काय परवडत न्हाय.”

बाबा उठले. खुर्ची घडीची होती, ती त्यांनी मिटली आणि भिंतीला टेकवून ठेवली. काका तिच्यातून पुरते उठलेही नव्हते, ते कसेबसे सावरले. एवढंच. कुणी आरडाओरडा केला नाही, आणि आमच्या घरात आरडाओरडा न होणं हीच मोठी गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बंगल्याच्या फाटकापाशी आले. आत आले नाहीत. मला म्हणाले, शैला, चल घरी. मी दारात उभी होते. माझ्या मागे ती खोली होती, माझं एकटीचं टेबल होतं, ट्यूबलाइट होती, आणि सहामाहीत मला वर्गात दुसरा नंबर मिळाला होता. मी म्हटलं, बाबा, परीक्षा झाली की येते. बाबांनी मान हलवली. “तुझी मर्जी,” म्हणाले, आणि तेही त्यांनी हळूच म्हटलं. ते वळून चालू लागले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझे वडील बुटके आहेत.

पुढचे दोन महिने बंगल्यात अभ्यासाला पाहिजे तशी शांतता होती, आणि त्या शांततेत माझा अभ्यास अजिबात होईना. काका रोज संध्याकाळी कपडे बदलत, चपला घालत, फाटकापर्यंत जात आणि परत येऊन सोफ्यावर बसत. त्यांनी आमच्याशी वाद घालायचा प्रयत्न केला. पण काकी म्हणे, तुम्ही म्हणताय तसंच असणार. भेटायला येणारे व्यापारी म्हणत, बरोबर बोललात शेठ. ड्रायव्हर म्हणे, हां शेठ, एकदम सही बात. एकदा काकांनी ड्रायव्हरला सांगितलं की सिंगापूरमध्ये पाऊस फक्त ठरलेल्या रस्त्यांवरच पडतो. ड्रायव्हर म्हणाला, हां शेठ, सही बात. काका त्या रात्री जेवायलाही बसले नाहीत. चाळीस पावलं पलीकडे बाबांचा आवाज बसल्यासारखा झाला होता. आई सांगे, ते मीठ मागायचंही विसरतात, अळणी जेवून उठतात. मी रोज दुपारी तिच्याकडे जाई तेव्हा बाबा ड्युटीवर असत. मी ती वेळ मुद्दाम निवडली होती, हे आईला न सांगता कळत होतं.

अशात आमच्या शाळेचे हेडमास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणत, बंगल्यावर आले. शाळेच्या दोन वर्गांवरचे पत्रे उडाले होते. गुरुजींनी सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला काकांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं, म्हणजे पत्र्यांचा विषय आपोआप निघेल. काकांना तो मान नाकारता येईना आणि भाषण करताही येईना. उभ्या आयुष्यात ते सभेत बोलले नव्हते. व्यापारी पुढे वाकत ते ओटीवर, तीन-चार जणांत. गुरुजी म्हणाले, शैला निबंधात पहिली असते, ती लिहून देईल, देशाबद्दल दोन चांगले शब्द. काकांनी मला बोलावलं आणि सांगितलं, लिही काहीतरी. काय लिहू, असं मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, मना काय ठाव? चांगलं लिहायचं हाय ना, मग तूच लिही.

मी त्या एकटीच्या टेबलावर बसले. माझ्याजवळ निबंधाची पुस्तकं होती, त्यांतून हिमालयापासून सुरुवात करायची सोय होती. पण पेन हातात घेतलं की मला आमचा ओटाच दिसू लागे. देशाबद्दल चांगलं म्हणून मी आयुष्यात जे काही ऐकलं होतं ते एकाच माणसाच्या तोंडून, आणि तेही ओरडून. हिमालयाची चार वाक्यं उरकून मी लिहीत गेले. खड्डा का पडतो ते लिहिलं. वीज गेल्यावर चहा कोण कोण पितं ते लिहिलं. आपल्याकडे एका लूमवर उत्तरेचा कारीगर, तेलुगू मुलखातला कांडीवर सूत भरणारा नि खाडीकाठचा जॉबर उभा असतो, तिघांना एकमेकांची भाषा धड येत नाही नि तरी कापड सरळ निघतं, हेही लिहिलं. ते बाबांचं सर्वांत आवडतं वाक्य होतं. काकांना वाचून दाखवायला गेले तर ते म्हणाले, नको, आत्ता वाचलं तर तिथं मना कंटाळा येईल. माझ्या अंगात थोडा खोडसाळपणा होता हे मी कबूल करते. पण त्याहून जास्त, मला तो आवाज ऐकायचा होता, मग तो कुणाच्या का तोंडून येईना.

झेंडावंदनाला सगळं गाव आलं होतं. बाबाही आले, इस्त्रीचा सदरा घालून, सगळ्यांत मागे. काका नव्या कोटात होते. बँडच्या ऐवजी डबा आणि थाळी वाजवून झाल्यावर काकांनी दोरी ओढली. झेंडा सुटेना. पुन्हा ओढली. वरची पुरचुंडी नुसती मान हलवून पुन्हा जागच्या जागी. गुरुजी घामाघूम झाले, कारण गाठ त्यांनी स्वतः मारली होती. मागच्या वर्षी झेंडा वेळेआधीच सुटला म्हणून या वर्षी जरा जास्त घट्ट. काकांनी तिसऱ्यांदा ओढली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. शेजारीच माइक होता आणि तो चालू होता हे त्यांना माहीत नव्हतं. सगळ्या मैदानाला ऐकू आलं, “इथं एक गाठ धड बांधता येत न्हाय.”

कुणी हसलं नाही. मग मागून गर्दी बाजूला होत गेली आणि बाबा आले. दोन महिन्यांत ते काकांच्या इतके जवळ आले नव्हते. आयुष्यभर तुटलेला ताना, म्हणजे लूमवरचा उभा धागा, जोडलेली ती बोटं होती. त्यांनी पुरचुंडी खाली उतरवली, गाठीकडे पाहिलं, नखानं एक पेड सैल केला, पुरचुंडी पुन्हा वर चढवली आणि दोरी काकांच्या हातात दिली. मग आपल्या नेहमीच्या आवाजात, माइकची गरज नसताना, म्हणाले, “दादा, गाठ चांगली बांधलीय. म्हनूनच सुटत न्हाय.”

या वेळी मैदान हसलं. काकांनी दोरी ओढली, झेंडा फडफडला, झेंडूच्या पाकळ्या गुरुजींच्या टकलावर पडल्या. बाबा मागे न जाता पहिल्या रांगेच्या कडेला उभे राहिले; बहुधा गाठ पुन्हा अडली तर, म्हणून.

काका भाषण वाचू लागले. पहिली चार वाक्यं हिमालयाची होती, ती नीट पार पडली. मग खड्डा आला. पुढे बसलेल्या दोन-तीन बायांनी एकमेकींकडे पाहिलं. धंदा होतो म्हणून खड्डा पडतो, असं काका हळू आवाजात वाचत होते, आणि मागून कुणीतरी म्हणालं, अरे, हे तर नामदेवचं हाय. वीज आली, चहा आला, तेव्हा सगळं मैदान काकांच्या आधीच वाक्य पूर्ण करू लागलं, कारण बाबांची वाक्यं गावानं महिनोन्‌महिने फुकट ऐकली होती. बाबा हसत नव्हते. ते कागदाकडे असे बघत होते, जणू कुणी त्यांच्या खिशातली वस्तू बाहेर काढून दाखवतंय. काका थांबले. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी विद्यार्थिनींच्या रांगेत होते आणि जमीन दुभंगावी अशी मनापासून वाट बघत होते. काकांनी कागदाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली.

“हे माझ्या धाकट्या भावाचं मत हाय,” ते म्हणाले. “माझं असं मत न्हाय. माझं मत वेगळं हाय, ते तुमाला ठाव हाय.”

गुरुजींचा चेहरा पडला. मला वाटतं, त्यांना डोळ्यांसमोर पत्रे उडताना दिसले असावेत. पण काका खाली उतरले नाहीत. माइक धरून उभे राहिले आणि सिंगापूरची एक गोष्ट सांगू लागले, जी त्यांनी आमच्या ओट्यावर कधीच सांगितली नव्हती. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते एका बागेत बसून शेंगा खात होते, आणि सवयीनं टरफलं खाली टाकत होते. तिथं झाडू मारणारी एक म्हातारी आली. ती ओरडली नाही. तिनं आपलं कचरा भरायचं सूप काकांच्या पायाशी ठेवलं आणि समोर उभी राहिली. काकांना वाटलं, ती निघून जाईल. ती गेली नाही. शेवटी काकांनी खाली बसून एक एक टरफल वेचलं. सोबतचे व्यापारी लांबून बघत होते. सगळी टरफलं वेचून झाल्यावर म्हातारीनं हसून मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेली.

“मना राग आला पायजे होता,” काका म्हणाले. आता ते हळू बोलत नव्हते. म्हशींना हाक मारायच्या वेळचा आवाज नव्हता, पण मागच्या रांगेला ऐकू येत होता. “राग आला न्हाय. बरं वाटलं. जमीन इकल्यापासून मना कुनी चूक म्हनत न्हाय. सगळे शेठ शेठ करतात. तिथं एक झाडूवाली म्हनाली, आनि इथं हा एकटा म्हनतो.” त्यांनी बोट दाखवलं नाही, नुसती मान बाबांकडे वळवली. “मी याला त्या दिवशी वाईट बोललो. ते खोटं हाय. याला परवडत न्हाय म्हनून हा खूश न्हाय. हा आधीपासूनच असा हाय. लहानपनी याची भाकरी मी खायचो, तवा पण हा खूशच असायचा. मना त्याचा राग यायचा.” एवढं बोलून त्यांना पुढे काही सुचेना. मग त्यांना प्रमुख पाहुणे असल्याची आठवण झाली आणि ते म्हणाले, “पत्रे मी घालून देतो. जय हिंद.”

टाळ्या पत्र्यांना पडल्या की भाषणाला, ते कुणाला कळलं नाही. बाबा टाळी वाजवायला विसरले. लाडू वाटताना दोघे भाऊ शेजारी उभे होते आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. मी घाबरून लाडू हातातच धरून ठेवला होता. मग बाबा म्हणाले, “सूप कसलं होतं? बांबूचं की प्लास्टिकचं?” काका म्हणाले, प्लास्टिकचं. बाबा म्हणाले, मग त्याला सूप म्हणू नको, सूप बांबूचंच असतं, ते आपल्याकडंच मिळतं. काका म्हणाले, आपल्याकडचं दोन महिन्यांत उसवतं. बाबा म्हणाले, उसवतं म्हणून बुरडाच्या घरी चूल पेटते. तेवढ्यात आई मधे आली आणि दोघांनाही खुणेनं सांगितलं, की उरलेलं घरी.

त्या संध्याकाळी मी माझी वळकटी उचलली. काकी म्हणाली, अगं परीक्षेला दीड महिनाच राहिलाय. मी म्हटलं, मी रोज सकाळी टेबलावर बसायला येते, झोपायला घरी जाते. काका फाटकापर्यंत सोबत आले. मी माफी मागायला तोंड उघडणार, इतक्यात तेच म्हणाले, पुढच्या खेपेला लिहिशील तर माझंपण दोन ओळी घाल. मग वळकटी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि शेठ असूनही डोक्यावर घेऊन आमच्या घरापर्यंत चालत आले. बाबांनी ओट्यावर खुर्ची उघडून ठेवलेली होती. मला बघून ते सरकले आणि भिंतीजवळची जागा माझ्यासाठी मोकळी केली.

मी तिथं बसून भूगोलाचं पुस्तक उघडलं. आतून कालवणाचा वास येत होता. एकाला देशात काही धड दिसत नव्हतं, एकाला काही वाईट दिसत नव्हतं, आणि दोघांच्या मधे बसून मी मोसमी वारे पाठ करत होते. एकाकडे इतकं होतं की दुसरा त्याच्या फरशीवर चप्पल काढून चाले, आणि तरी तोच पहिला या दुसऱ्याच्या मातीच्या ओट्यावर येऊन बसे. त्या दिवशी मला कशाचीही उणीव वाटली नाही. खोलीची नाही, ट्यूबलाइटची नाही, मोठ्या देशाचीही नाही. पुढे मी शिक्षिका झाले, संसार केला, बरंच काही मिळवलं आणि गमावलं, पण तशी गच्च भरल्यासारखी संध्याकाळ फार वेळा वाट्याला आली नाही.

परीक्षा झाली. निकालात भूगोल, गणित, मराठी, सगळं चांगलं होतं. नागरिकशास्त्रानं तेवढा दगा दिला. देशापुढच्या अडचणी आणि आपली प्रगती, असा एक मोठा प्रश्न आला होता. मी पहिलं पान काकांचं लिहिलं होतं नि दुसरं पान बाबांचं, दोघांवर अन्याय होऊ नये म्हणून अगदी समसमान. शाळेत गुणपत्रिका आली तेव्हा गुरुजींनी अंदाज बांधला, की त्या उत्तराला अर्धेच गुण मिळाले असणार. हे ओट्यावर सांगितलं तेव्हा बाबा नि काका दोघेही एकदम गंभीर झाले. कोणता अर्धा कापला असेल, यावर ते तिथून पुढे कित्येक वर्षं भांडले; आणि कापलेला अर्धा भाग समोरच्याचाच होता याबद्दल दोघांनाही शेवटपर्यंत तिळभर शंका नव्हती.